कणभर विष आणि अंगात उठणारं वादळ

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. तिने पहिल्यांदाच मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीचं रक्त साठवायला योनीमार्गात ठेवायचा छोटा कप, मागवला होता आणि खोक्यातल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात ‘टॉक्सिक शॉक सिंड्रोम’चा इशारा छापलेला होता. "मावशी, यात विषबिष तयार होतं की काय? परत पाठवून देऊ?" मी पंचवीस वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरातले असले प्रश्न माझ्याकडेच येतात. तिला म्हटलं, परत पाठवू नकोस, पण तो कागदही फेकू नकोस. नीट समजावून सांगायला फोन पुरला नाही, म्हणून हे लिहितेय.

विष तयार होऊ शकतं, हे खरं आहे. पण हे विष साप-विंचवाच्या विषासारखं वागत नाही. ते आपल्या प्रतिकार यंत्रणेला चेतवतं, आणि इतकं चेतवतं की माणसाचा जीव धोक्यात येतो तो त्या यंत्रणेच्याच हातून. वर्गात हा भाग शिकवणं मला नेहमी अवघड जायचं. मुलांच्या डोक्यात चित्र पक्कं असायचं की जंतू म्हणजे शत्रू, प्रतिकारशक्ती म्हणजे सैन्य, आणि सैन्य जितकं आक्रमक तितकं बरं. या आजारात ते चित्र उलटंपालटं होतं.

गोष्ट अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात सुरू होते. जेम्स टॉड या बालरोगतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सात मुलांची हकीकत छापली. मुलं ८ ते १७ वर्षांची, आजारापूर्वी ठणठणीत. अचानक जोराचा ताप, उलट्या, पाण्यासारखे जुलाब, अंगभर उन्हात भाजल्यासारखा लालपणा, बडबड, आणि मग रक्तदाब घसरत घसरत थेट शॉक. जगलेल्या मुलांच्या तळहातांची नि तळपायांची कातडी पुढे सोलून निघाली. अशी अवस्था दिसली की डॉक्टरांना वाटतं, रक्तात जंतू पसरलेत. पण या मुलांच्या रक्तात जंतू सापडेना. बहुतेकांच्या शरीरात कुठेतरी एका कोपऱ्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा अगदी नेहमीचा जंतू मिळाला, तेवढंच. जंतू एका जागी बसलाय आणि आग सगळ्या अंगात लागलीय, म्हणजे तिथून काहीतरी पाझरून पसरत असणार. टॉड यांनी आजाराचं नाव ठेवलं टॉक्सिक शॉक सिंड्रोम.

दोनच वर्षांनी हे नाव अमेरिकेत घरोघरी पोचलं. १९८० मध्ये तरुण, निरोगी बायका ऐन पाळीच्या दिवसांत याच लक्षणांनी दवाखान्यात येऊ लागल्या. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा राज्यांच्या आरोग्य खात्यांनी आणि सीडीसी या केंद्रीय संस्थेने माग काढला तेव्हा धागा टॅम्पॉनपाशी, म्हणजे पाळीचं रक्त शोषायला योनीमार्गात ठेवायच्या बोळ्यापाशी, पोचला, त्यातही खूप रक्त शोषून घेणाऱ्या, तासन्‌तास आत ठेवल्या जाणाऱ्या टॅम्पॉनपाशी. ‘रिलाय’ नावाचा असा एक लोकप्रिय टॅम्पॉन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारातून मागे घेतला गेला.

या जंतूची थोडी ओळख हवी. स्कॉटलंडमधले शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांना १८८० च्या सुमारास गळवांच्या पुवात सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतू दिसले, म्हणून ग्रीक शब्दावरून स्टॅफिलोकॉकस. त्यातल्या सोनेरी रंगाच्या वसाहती करणाऱ्याला पुढे ऑरियस हे नाव मिळालं. गळू, केस्तूड, रांजणवाडी, चिघळलेली जखम, यांत बहुतेक वेळा हाच असतो. आणि कुठल्याही वेळी साधारण तीनांतल्या एका माणसाच्या नाकात हा निवांत बसलेला असतो, कुणाला काहीही त्रास न देता. त्याच्या काही वाणांकडे एक खास प्रथिन बनवायची कृती असते. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी, एक पॅट्रिक श्लीव्हर्ट यांचा आणि दुसरा मर्लिन बर्गडॉल यांचा, ते प्रथिन आपापल्या प्रयोगशाळेत ओळखलं आणि दोघांनी त्याला वेगवेगळी नावं दिली. पदार्थ एकच निघाला. आज त्याला टीएसएसटी-१ म्हणतात.

विष सापडलं, पण ते करतं काय हे उमगायला आणखी काही वर्षं गेली. ते समजायचं तर आपली यंत्रणा एरवी कशी चालते ते आधी बघू.

टी-पेशी म्हणजे प्रतिकार यंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी. प्रत्येक टी-पेशीच्या अंगावर एक किल्ली असते असं समजा. या किल्ल्यांचे दात कोट्यवधी प्रकारचे. गंमत म्हणजे शरीर या किल्ल्या आधीच घडवून ठेवतं, कुठलं कुलूप कधी समोर येईल याचा पत्ता नसताना. आता एखादा जंतू शिरला की पहारेकरी पेशी त्याला गिळतात, त्याचे बारीक तुकडे करतात आणि एकेक तुकडा आपल्या पृष्ठभागावरच्या खोबणीत बसवून बाहेर दाखवत फिरतात. ती खोबण ज्या रेणूवर असते त्याला एमएचसी म्हणतात. तुकडा बसवलेली ही खोबण म्हणजे कुलूप. टी-पेशी एकामागून एक येतात, आपली किल्ली लावून बघतात. नाही बसली, पुढे जातात. दहा हजारांत एखादीची, कित्येकदा लाखांत एखादीची किल्ली बसते.

बसली तरी दार लगेच उघडत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक खातेदाराची आणि एक बँकेची. तसंच इथे. टी-पेशीवरच्या सीडी-२८ नावाच्या रेणूला पहारेकरी पेशीकडून दुसरी खूण मिळावी लागते. त्या खुणेचा अर्थ असा, की हा तुकडा खरोखर धोक्याच्या जागी सापडलाय. दोन्ही जुळलं की ती एकच टी-पेशी चेतते, तिची पिलावळ वाढू लागते, आणि चार-सहा दिवसांत त्या एका जंतूसाठीची फौज उभी राहते. साध्या दुखण्यातही बरं वाटायला आठवडा जातो, त्यातला बराच वेळ या शोधाशोधीत आणि भरतीत जातो. आपल्याला ती दिरंगाई वाटते. मला विचाराल तर शरीरातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच आहे: हत्यार उचलण्यापूर्वी दोनदा खात्री करणं.

टीएसएसटी-१ हे सगळं टाळून जातं. त्याला कुणी गिळावं लागत नाही, त्याचे तुकडे व्हावे लागत नाहीत. ते अख्खंच्या अख्खं येतं, एका बाजूने पहारेकरी पेशीच्या एमएचसीला बाहेरून चिकटतं, आणि दुसऱ्या बाजूने टी-पेशीच्या किल्लीची मूठ धरतं. दोघींना असं जखडून ठेवतं की टी-पेशीला वाटतं, आपली किल्ली बसली. दात जुळतात की नाही हे बघायचा प्रसंगच येत नाही.

‘मूठ’ म्हटलं ते मुद्दाम. किल्ल्यांचे दात कोट्यवधी प्रकारचे असले तरी मुठींचे प्रकार मोजकेच असतात, माणसात दोन डझनांच्या आसपास. एका प्रकारची मूठ असलेल्या सगळ्या टी-पेशींचं एक घराणं धरलं, तर त्या घराण्यातली कुणी फ्लूच्या विषाणूसाठी घडलेली असते, कुणी क्षयाच्या जंतूसाठी, कुणी कधीच न येणाऱ्या एखाद्या पाहुण्यासाठी. टीएसएसटी-१ माणसात मुख्यतः एकाच घराण्याची मूठ पकडतं, शास्त्रज्ञ त्याला व्ही-बीटा-२ म्हणतात. पण पकडतं ते अख्खं घराणं. दहा हजारांत एक टी-पेशी चेतायची तिथे दहांत एक, आणि काही विषांच्या बाबतीत पाचांत एक पेशी एकाच वेळी उठते. आणि त्यातल्या जवळपास कुणालाच समोरच्या जंतूशी कर्तव्य नसतं.

१९८९ मध्ये फिलिपा मॅरॅक आणि जॉन कॅप्लर या शास्त्रज्ञ दांपत्याच्या गटाने स्टॅफच्या दुसऱ्या एका विषावर काम करताना अशा पदार्थांसाठी ‘सुपरअँटिजेन’ हा शब्द आणला. हे कामही डेन्व्हरमधलंच. टॉड यांनी ज्या शहरात आजार ओळखला, तिथेच अकरा वर्षांनी त्याच्या कारणाला नाव मिळालं. मला हा योगायोग फार आवडतो, एका गावाने प्रश्न विचारावा आणि त्याच गावाने उत्तर द्यावं.

लॉकरची दुसरी किल्ली राहिली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या रेमंड केम्पफर यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की सुपरअँटिजेन सीडी-२८ लाही थेट चिकटतात. म्हणजे खातेदाराचीही बनावट किल्ली आणि बँकेचीही.

पुढे शरीरात काय होतं ते बघा. चेतलेली टी-पेशी गप्प बसत नाही, ती सायटोकाइन नावाचे निरोप सोडते. इतर पेशींना हाक मारणं, त्यांना कामाला लावणं, सूज आणणं, हे त्या निरोपांचं काम. एरवी मूठभर टी-पेशी बोटाला झालेल्या जखमेच्या आसपास हे निरोप सोडतात, तिथली जागा लाल होते, गरम होते, आणि आपण बरे होतो. आता एक दशांश टी-पेशी एकाच तासात सगळ्या अंगात ओरडू लागल्या तर? पहारेकरी पेशीही त्या ओरड्याला साथ देतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांचा पूर येतो. मेंदूतलं तापमानाचं केंद्र ताप १०२ फॅरेनहाइटच्या वर नेतं. पण खरा घात रक्तवाहिन्यांमध्ये होतो.

शेतात ठिबक पाहिलेल्यांना हे पटकन समजेल. नळी धड असेल आणि ठरलेल्या जागीच पाणी ठिबकत असेल तर शेवटच्या झाडापर्यंत दाब टिकतो. त्याच नळीला जागोजाग चिरा पडल्या तर मोटार चालू असून, विहिरीला पाणी असून शेवटचं झाड वाळतं. सायटोकाइनच्या पुरात नेमकं हेच होतं. केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींपासून सुटतात, रक्तातलं पाणी आसपासच्या मांसात झिरपतं. माणूस सुजतो आणि त्याच वेळी त्याच्या रक्तवाहिन्या रिकाम्या पडू लागतात. वरचा रक्तदाब ९० च्या खाली येतो. हृदय जिवाच्या आकांताने धावतं, पण मूत्रपिंडाला, यकृताला, मेंदूला पुरेसं रक्त पोचत नाही. एक-दोन आठवड्यांनी कातडी सोलते, तोवर रुग्ण वाचलेला असला तर.

यासाठी विष किती लागतं? प्रयोगशाळेत टी-पेशी चेतवायला ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या भागाएवढं पुरतं.

आता कुणी म्हणेल, कशावरून हे सगळं टी-पेशींचं काम? जंतूचा आणखी काही हात असेल. याचं उत्तर एका दुर्दैवी प्रसंगाने दिलं, ज्यात जंतू नव्हताच. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातल्या चाचणी केंद्रात सहा निरोगी तरुणांना टीजीएन-१४१२ नावाचं नवं औषध टोचलं गेलं. ते औषध म्हणजे सीडी-२८ वर बसणारी, कारखान्यात बनवलेली अँटिबॉडी (ठरावीक रेणूला नेमकं धरणारं प्रथिन) होती, पहिल्या किल्लीची वाट न पाहता टी-पेशी थेट चेतवणारी. माकडांना याच्या पाचशे पट मात्रा देऊनही काही झालं नव्हतं. माणसांत मात्र दीड तासाच्या आत डोकेदुखी, पाठदुखी, ताप सुरू झाला, मग रक्तदाब कोसळला, आणि सहाही जण आयसीयूत गेले. सगळे वाचले, पण त्यातल्या एकाची पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं गेली. ज्या दोघांना नुसतं खोटं इंजेक्शन दिलं होतं ते शेजारच्या खाटांवरून हे बघत होते. माकडांच्या ज्या टी-पेशी असं वादळ उठवू शकल्या असत्या त्यांच्यावर सीडी-२८ च नसतो, हे नंतर कळलं. सुपरअँटिजेनशिवाय, जंतूशिवाय, नुसत्या टी-पेशी एकदम उठवल्या तर काय होतं याचा याहून स्पष्ट पुरावा नसेल, आणि तो अशा रीतीने मिळायला नको होता.

म्हणून कोविडनंतर दुकानादुकानांत ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ काढ्यांची, गोळ्यांची नि चॉकलेटांची रांग बघते तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. वाढवायचं म्हणजे नेमकं काय वाढवायचं? टॉक्सिक शॉकमध्ये प्रतिकार कमी पडत नाही, तो बेभान होतो. डेन्व्हरची मुलं अशक्त नव्हती. १९८० मधल्या त्या बायका तरुण आणि धडधाकट होत्या. त्यांच्याकडे कमी होती ती एकच नेमकी गोष्ट: या एका विषाला ओळखणाऱ्या अँटिबॉडी.

आपल्यापैकी बहुतेकांकडे त्या असतात. नाकात, कातडीवर हा जंतू येत-जात असतो, लहानपणापासून थोडं थोडं विष शरीराला दिसत राहतं, आणि मोठेपणी दहांतल्या नऊ जणांच्या रक्तात टीएसएसटी-१ ला पकडणाऱ्या अँटिबॉडी तयार असतात. अँटिबॉडी विषाला मध्येच घट्ट धरते, ते मुठीपर्यंत पोचतच नाही. म्हणूनच इतक्या नाकांत हा जंतू असूनही आजार इतका विरळ आहे, आणि झाला तर किशोरवयात, तरुणपणात जास्त होतो. विषाची कुटिल बाजू अशी, की त्याच्या तडाख्यातून वाचलेल्या अनेकांमध्ये नंतरही या अँटिबॉडी तयार होत नाहीत. चेतवलेल्या टी-पेशींपैकी पुष्कळ थकून निकामी होतात किंवा मरतात, आणि अँटिबॉडी बनवायला लागणारी त्यांची शिस्तशीर मदत मिळत नाही. त्यामुळे काही जणींना पुढच्या पाळीत तोच आजार पुन्हा झाला. जंतूचा यात काय फायदा, असं विद्यार्थी हमखास विचारायचे. यजमानाला मारणं हा फायदा नक्कीच नव्हे. एक पटणारं स्पष्टीकरण असं, की गोंधळात खरी, नेमकी फौज उभीच राहत नाही आणि नाकाच्या कोपऱ्यातल्या जंतूला सुखाने राहता येतं. थोड्या प्रमाणात हे त्याच्या सोयीचं आहे, आपण मरतो तो त्याच्याही हिशेबातला अपघात.

भाचीच्या प्रश्नाकडे येते. टॅम्पॉनच का? हा जंतू हे विष भरपूर बनवतो ते शरीराच्या उष्णतेत, ऑक्सिजन असताना, प्रथिनं मिळत असताना आणि आंबटपणा नसताना. योनीमार्गात एरवी ऑक्सिजन अत्यल्प आणि वातावरण आंबट. पाळीच्या रक्ताने आंबटपणा जातो, प्रथिनं मिळतात, आणि टॅम्पॉनच्या धाग्यांत अडकलेली हवा आत जाते. चारही अटी पुऱ्या. त्यात टीएसएसटी-१ अंगातल्या ओल्या आवरणातून आत झिरपण्यात पटाईत आहे. जितकं जास्त शोषणारं आणि जितका जास्त वेळ आत, तितकी जंतूची सोय जास्त. म्हणून नियम साधे आहेत. गरजेपुरतंच शोषणारा टॅम्पॉन घ्यायचा, चार ते आठ तासांत बदलायचा, हात धुऊन. कप बारा तासांच्या आत रिकामा करून धुवायचा. कपांबद्दल २०१९ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा टॉक्सिक शॉकच्या पाच घटना सापडल्या. धोका आहे, पण फार विरळ. बाहेरून लावायच्या पॅडशी हा धोका जोडलेला नाही.

आणि एक गोष्ट पाठ करून ठेवायची. पाळी चालू असताना एकाएकी जोराचा ताप, उलट्या-जुलाब, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर लाली, यातलं काही झालं तर आधी टॅम्पॉन किंवा कप काढायचा, लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न बघता स्वतःहून सांगायचं की पाळी चालू आहे आणि मी हे वापरत होते. आपल्याकडे मुली हे वाक्य डॉक्टरांसमोर, विशेषतः सोबत वडील किंवा भाऊ असतील तर, बोलतच नाहीत. मग डेंगी, विषबाधा, टायफॉइड असा शोध सुरू राहतो आणि तास निघून जातात. आयांनो, मावश्यांनो, हे वाक्य मुलींना आपणच शिकवायला हवं.

पाळीशी संबंध नसलेला टॉक्सिक शॉकही असतो, आणि तो पुरुषांना, मुलांना कुणालाही होतो. शस्त्रक्रियेची जखम, नाकातलं रक्त थांबवायला भरलेला बोळा, बाळंतपण. यात मला सर्वांत काळजी वाटते ती भाजलेल्या लहान मुलांची. गरम चहा किंवा अंघोळीचं पाणी सांडून दोन-तीन वर्षांचं मूल भाजतं. भाजलेली जागा लहान असते, दिसायला स्वच्छ असते, सगळे निर्धास्त होतात. आणि दोन ते चार दिवसांनी मूल तापाने फणफणतं, अंगावर पुरळ, जुलाब, मलूल होतं. घरच्यांना वाटतं व्हायरल आहे. इतक्या लहान वयात त्या अँटिबॉडी बहुधा अजून तयार झालेल्या नसतात, हे लक्षात घ्या. भाजलेल्या मुलाला असा ताप आला तर जखम बरी दिसत असली तरी त्याच दिवशी दाखवा. भाजलेल्या जागी टूथपेस्ट, शाई, हळद, कोलगेट असलं काही लावू नका. वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी, स्वच्छ कापड, आणि डॉक्टर.

याच जंतूची भावंडविषं आपल्या ओळखीची आहेत. लग्नाच्या जेवणानंतर किंवा खव्याच्या मिठाईनंतर दोन-चार तासांत शंभर माणसं ओकू लागतात, त्यामागे पुष्कळदा स्टॅफची एन्टेरोटॉक्सिन असतात, आणि तीही सुपरअँटिजेन आहेत. ओकारीचा रस्ता वेगळा, पोटातल्या मज्जातंतूंमार्फत, म्हणून बहुतेक जण दिवसभरात बरे होतात. पण एक समज मोडायला हवा. उघड्यावर राहिलेलं दूध किंवा भाजी पुन्हा खळखळून उकळली की झालं, असं आपण धरून चालतो. उकळल्यावर जंतू मरतो, त्याने आधीच बनवून ठेवलेलं विष उकळण्यालाही दाद देत नाही.

घशाला सूज आणणारा गट-अ स्ट्रेप्टोकॉकसही असली विषं बनवतो, आणि त्याचा टॉक्सिक शॉक स्टॅफपेक्षा जास्त मारक असतो. जपानमध्ये २०२३ साली या आजाराचे ९४१ रुग्ण नोंदले गेले होते, २०२४ मध्ये जूनच्या सुरुवातीलाच ९७७ झाले.

अजून एक रस्ता आहे, त्याचा नुसता उल्लेख करते. ई-कोलायसारख्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणातच एंडोटॉक्सिन असतं. ते टी-पेशींना न धरता पहारेकरी पेशींवरच्या टीएलआर-४ नावाच्या घंटेला हात घालतं. ब्रूस बॉयटलर यांनी ती घंटा १९९८ मध्ये शोधली आणि २०११ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. दोन्ही विषं एकाच वेळी आली तर ती एकमेकांना बळ देतात. सशांवरच्या प्रयोगांत सुपरअँटिजेन आधी दिलं, तर एरवी सहज पचणारं एंडोटॉक्सिन प्राणघातक ठरलं.

उपचार ऐकताना आता त्यामागचं कारण तुमच्या लक्षात येईल. पहिलं काम, विषाचा झरा बंद करणं: टॅम्पॉन काढणं, बोळा काढणं, गळू फोडून निचरा करणं. मग सलाइन, तेही भरपूर, कारण नळी गळतेय आणि गळती थांबेपर्यंत दाब टिकवायचाय. त्यानंतर अँटिबायोटिक, आणि इथे एक बारकावा आहे. पेनिसिलिनच्या जातीची औषधं वाढणाऱ्या जंतूची भिंत मोडतात. पण जंतू दाट होऊन संथ झाले की त्यांची भिंत बांधणंच थांबतं आणि औषधाला मोडायला काही उरत नाही. हॅरी ईगल यांनी १९५२ मध्ये उंदरांवर हे दाखवलं होतं. शिवाय जंतू मेला तरी सोडलेलं विष उरतंच. म्हणून सोबत क्लिंडामायसिन देतात, ते जंतूची प्रथिनं बनवायची यंत्रणाच बंद पाडतं. विष हेही प्रथिनच, त्यामुळे जंतू जिवंत असला तरी त्याचा विषाचा कारखाना थांबतो. गंभीर रुग्णांना कधी कधी हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून गोळा केलेल्या अँटिबॉडी शिरेतून देतात. तुमच्या-माझ्या रक्तात ज्या असतात, त्याच, उसन्या.

उसन्या घेण्यापेक्षा आधीच आपल्या तयार करून ठेवता आल्या तर? व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी टीएसएसटी-१ ची लस बनवून ४६ निरोगी प्रौढांवर तिची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. लस सुरक्षित निघाली आणि अँटिबॉडी तयार झाल्या. धनुर्वाताच्या लशीत विष रसायनाने निकामी करतात. इथे त्यांनी विषाच्या साखळीतल्या दोनच कड्या बदलल्या. एका बदलाने ते एमएचसीला धरू शकत नाही, दुसऱ्याने टी-पेशीच्या मुठीला. बाकी अंग जसंच्या तसं, त्यामुळे शरीर त्याला निवांत निरखतं, तुकडे करतं, आणि नेहमीच्या सावकाश पद्धतीने ज्या एका टी-पेशीची किल्ली खरोखर बसते तिलाच बोलावतं.